आधी दार, मग पट्टा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, मोटारीतून उतरताना आपण आधी काय करतो? सीटबेल्ट सोडतो आणि मग दार उघडतो. हा क्रम आपल्याला कुणी शिकवलेला नाही, पण हजारो वेळा केल्यामुळे तो हातात मुरला आहे. मन दुसरीकडे असलं तरी हात आपलं काम करून मोकळा होतो. रोजच्या व्यवहारात ही मोठीच सोय आहे. पण एक प्रसंग असा आहे, की तिथं हाताची हीच सवय माणसाच्या जिवावर उठते. छोटं विमान पाण्यात कोसळून उलटं झालं आणि आतल्या माणसानं सवयीप्रमाणे आधी पट्टा सोडला, तर तो बाहेर पडण्याची आशा फार कमी उरते. तिथं क्रम बदलावा लागतो. आधी दार, मग पट्टा.

सांगायला हे चार शब्द पुरतात. पण ते हाताला शिकवायला पोहण्याचा तलाव लागतो, तरबेज पाणबुडे लागतात आणि नाकातोंडात पाणी जाऊ देण्याची तयारी लागते. छोट्या विमानांच्या वैमानिकांना दिल्या जाणाऱ्या या प्रशिक्षणाची आज ओळख करून घेऊ. विषय परमुलखातला वाटेल, पण शेवटी तो आपल्या किनाऱ्यापर्यंत येऊन पोचतो.

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर ब्रिटिश कोलंबिया नावाचा प्रांत आहे. नकाशात हा किनारा फाटलेल्या कापडाच्या कडेसारखा दिसतो. असंख्य बेटं, डोंगरांमध्ये खोलवर शिरलेल्या खाड्या आणि जोडीला रस्त्यांची टंचाई. आपल्याकडे आडगावाला जशी एस.टी. जाते, तशी तिथं पाण्यावर उतरणारी छोटी विमानं जातात. व्हँकुव्हरच्या बंदरातून निघायचं आणि सुमारे अर्ध्या तासात व्हिक्टोरियाच्या बंदरात उतरायचं, हा तिथला रोजचा परिपाठ. कामगार, कचेरीतली माणसं, पर्यटक, टपाल असं सगळं या विमानांतून जातं. चाकांच्या जागी दोन लांबट, पोकळ होड्या बसवलेल्या असतात. त्यांना फ्लोट म्हणतात. ‘बीव्हर’ हे यातलं सर्वांत लाडकं विमान. त्याचं पहिलं उड्डाण १९४७ साली झालं, १९६७ पर्यंत अशी सोळाशेहून अधिक विमानं बनली आणि त्यातली कित्येक आजही उडतात. विमान दणकट आहे. पण ते आखलं गेलं त्या काळात, पाण्यात बुडाल्यावर माणसं बाहेर कशी पडणार, हा प्रश्न आजच्याइतका कुणी विचारत नव्हतं.

पाण्यावर उतरणं दिसतं तितकं सोपं नाही. वारा पडला की समुद्र आरशासारखा होतो. पाहणाऱ्याला ते दृश्य सुंदर वाटतं, वैमानिकाला मात्र त्याचा धाक असतो. कारण त्या आरशावरून आपण किती उंचीवर आहोत हेच कळत नाही. दुसरा धोका विसराळूपणाचा. काही फ्लोटना आत घेता येणारी चाकं असतात, म्हणजे ते विमान धावपट्टीवरही उतरतं आणि पाण्यावरही. धावपट्टीवरून उडालेला वैमानिक चाकं वर घ्यायला विसरला आणि तसाच पाण्यावर उतरला, की चाकं पाण्यात रुततात आणि विमान नाकावर कोलांटी घेतं. एखादा फ्लोट फाटून त्यात पाणी भरलं तरी तेच. इंजिनाचं सगळं वजन पुढं, केबिन उंचावर, त्यामुळं तोल गेलेलं विमान उलटं व्हायला वेळ लागत नाही. अशा वेळी फ्लोट आकाशाकडे असतात आणि माणसं पाण्याखाली, पट्ट्यांना लटकलेली, डोकं खाली.

२९ नोव्हेंबर २००९ रोजी, रविवारी दुपारी, सॅटर्ना बेटावरच्या लायल हार्बरमधून एक बीव्हर उडालं. वैमानिक धरून आत आठ माणसं होती. त्यात एक तान्हं मूल होतं. उडाल्यावर लगेच, डोंगराकडून येणाऱ्या झोताच्या वाऱ्यात, विमानाची उचल संपली आणि ते पाण्यात आदळलं. वैमानिक आणि एक प्रवासी बाहेर पडू शकले. उरलेले सहा जण बुडाले. किनारा जवळ होता, लोक होड्या घेऊन धावून आले होते, पण विमान पाण्याखाली गेलं होतं.

या अपघाताची चौकशी कॅनडाच्या वाहतूक सुरक्षा मंडळानं केली. २०११ च्या मार्चमध्ये अहवाल आला, तेव्हा मंडळानं एक आकडा पुढं ठेवला. मागच्या वीस वर्षांत पाण्यात कोसळून बुडालेल्या विमानांमध्ये जे मृत्यू झाले, त्यातले सुमारे ७० टक्के बुडून झालेले होते. आदळण्याच्या धक्क्यातून ही माणसं वाचली होती. अनेकांच्या बाबतीत तर ती शुद्धीवर होती आणि हालचाल करत होती, असंही दिसून आलं. म्हणजे अपघातानं त्यांना मारलं नाही. अपघातानंतरच्या एका मिनिटानं मारलं. हा सगळा विषय त्या एका मिनिटाचा आहे.

त्या मिनिटात शरीराचं काय होतं ते पाहू. कोरड्या जमिनीवर, खुर्चीत बसून, आपण पाऊण-एक मिनिट श्वास सहज रोखू शकतो. पण अंगाभोवती अचानक दहा अंशांचं पाणी आलं, की छाती आपोआप धाप टाकू लागते. हा प्रतिसाद इच्छेच्या ताब्यात नसतो. गार पाण्याची बादली अंगावर ओतली की तोंडातून जो ‘हा’ निघतो, त्याचाच हा मोठा भाऊ. अशा पाण्यात श्वास रोखण्याची ताकद कित्येकांच्या बाबतीत दहा-वीस सेकंदांवर येते. कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठाचे प्राध्यापक गॉर्डन गीसब्रेक्ट यांनी थंड पाण्यातल्या माणसांचा आयुष्यभर अभ्यास केला. एक, दहा, एक असं त्यांचं सूत्र आहे. श्वास ताब्यात आणायला एक मिनिट, हातपाय कामाचे राहतात ती दहा मिनिटं, आणि थंडीनं शुद्ध हरपायला सुमारे एक तास. पण ज्याचं डोकं पाण्याच्या वर आहे, त्याच्यासाठी हा हिशेब आहे. विमानात अडकलेल्याला ते पहिलं मिनिटसुद्धा मिळत नाही.

त्यात दिसत काही नाही. चष्म्याशिवाय पाण्याखाली डोळे उघडले तर सगळं धूसर, भोवती बुडबुडे, कधी गाळ, कधी इंधनाचा तवंग. उलटं लटकल्यामुळे पाणी थेट नाकात शिरतं. आता हाताला सवयीचं काम आठवतं आणि तो पट्टा सोडतो. शरीर पाण्यात तरंगतं, त्यामुळं ते वर जातं. पण वर आता विमानाची जमीन आहे. माणूस त्या जमिनीला जाऊन चिकटतो, गोल फिरतो आणि दार कुठल्या बाजूला होतं हेच त्याला कळेनासं होतं. चुकून दाराची कडी हाती लागली, तरी जोर लावायला पायाखाली काही नसतं. दार ढकललं की तोच मागं सरकतो.

आता हाच माणूस पट्ट्यात बसून राहिला तर? विमान उलटं झालं तरी त्याच्या उजव्या हाताला असलेलं दार उजव्या हातालाच राहतं. जग उलटं झालं, पण माणूस आणि दार यांचं नातं बदललेलं नाही. शिवाय पट्ट्यानं त्याला खुर्चीशी बांधलं आहे, त्यामुळं दार ढकलायला आधार मिळतो. म्हणून आधी दार, मग पट्टा. ज्या पट्ट्यानं आपण अडकलो आहोत असं वाटतं, तोच त्या क्षणी आपला दोस्त असतो.

‘पाण्यात पडलं की पोहता येतं’ असं आपल्याकडे म्हणतात. विहिरीच्या काठावर काका उभा असेल आणि पाठीला डबा बांधलेला असेल, तर ते खरंही आहे. बुडत्या विमानात मात्र पहिल्यांदा पडून शिकायला सवड नसते. तिथं आधी शिकून ठेवावं लागतं.

ही गोष्ट पहिल्यांदा ओळखली ती आरमारांनी. दुसऱ्या महायुद्धात विमानवाहू जहाजांवरची अनेक विमानं समुद्रात पडत. अमेरिकी नौदलानं तेव्हा एक यंत्र बनवलं. विमानाचा पुढचा भाग, त्यात वैमानिक बांधलेला, तो उतरत्या रुळांवरून सोडायचा. तो तलावात आपटायचा आणि उलटा व्हायचा. या यंत्राला ‘डिल्बर्ट डंकर’ असं नाव पडलं. डिल्बर्ट हा रॉबर्ट ऑस्बर्न या चित्रकाराच्या व्यंगचित्रांतला वेंधळा वैमानिक. नौदलाच्या प्रशिक्षणात त्याची चित्रं लावलेली असत. १९८२ च्या ‘अ‍ॅन ऑफिसर अँड अ जंटलमन’ या चित्रपटात हे यंत्र अनेकांनी पाहिलं असेल. पुढं समुद्रातल्या तेलविहिरींकडे हेलिकॉप्टरं जाऊ लागली, तेव्हा हेच शिक्षण तिथं आलं. छोट्या विमानांच्या वैमानिकांकडे ते सगळ्यांत शेवटी पोचलं.

त्यांच्यासाठी फार मोठं यंत्र लागत नाही. प्लास्टिकच्या नळ्यांचा एक चौकोनी सांगाडा असतो, त्यात खुर्ची, पट्टा आणि बाजूला खोटं दार. तो गावातल्या साध्या पोहण्याच्या तलावात ठेवतात. वैमानिक आत बसतो, पट्टा आवळतो, आणि दोन प्रशिक्षक सांगाडा उचलून उलटा करतात. शेजारी पाणबुड्या सज्ज असतो.

शिकवायच्या गोष्टी मोजक्या आहेत. पाण्यात पडणार हे कळताच हेडफोन काढून टाकायचा, कारण त्याची वायर गळ्याभोवती येते. खांद्यावरचा पट्टा घट्ट करायचा. डोक्याला मार लागून शुद्ध गेली, तर पुढचं सगळं शिक्षण फुकट. पाण्यात शिरण्याआधी एक हात खुणेवर ठेवायचा. ही खूण म्हणजे दाराची कडी, खिडकीची चौकट, असं काहीही पक्कं आणि बाहेरच्या वाटेशी जोडलेलं. मग थांबायचं. हे थांबणं सर्वांत अवघड. विमान हलायचं थांबेपर्यंत, पाणी आत भरेपर्यंत, काही सेकंद काहीच करायचं नाही. बाहेरच्या आणि आतल्या पाण्याचा दाब सारखा झाल्याखेरीज दार उघडत नाही, मग कितीही जोर लावा. त्यानंतर दार उघडायचं, चौकट पकडायची, आणि ती न सोडता दुसऱ्या हातानं पट्टा मोकळा करायचा. लाथा मारायच्या नाहीत. मागच्याच्या तोंडावर बसतात. हातांनी स्वतःला ओढत बाहेर काढायचं. आणि लाइफ जॅकेट बाहेर आल्यावरच फुगवायचं.

हा शेवटचा नियम किती महत्त्वाचा आहे, हे एका मोठ्या विमानाच्या अपघातानं दाखवलं. २३ नोव्हेंबर १९९६ रोजी अपहरण झालेलं इथियोपियन एअरलाइन्सचं विमान इंधन संपून कोमोरो बेटांजवळ समुद्रात पडलं. १७५ पैकी १२५ जण गेले. अनेकांनी घाबरून जॅकेट आतच फुगवलं होतं. फुगलेलं जॅकेट माणसाला छताशी दाबून धरतं. खाली बुडी मारून दारातून निघणं त्याला जमत नाही. जीव वाचवणारी वस्तू चुकीच्या वेळी वापरली की ती उलटते.

नोकरीनिमित्त मी समुद्रातल्या तेलविहिरींच्या प्लॅटफॉर्मवर हेलिकॉप्टरनं जात असे. त्यासाठी आम्हा सगळ्यांना असंच प्रशिक्षण सक्तीचं होतं. त्यातलं काय आठवतं? नाकात पाणी शिरताना कपाळात होणारी आग आठवते. पहिल्या खेपेला सगळा वर्ग एकमेकांकडे बघून उसनं हसत होता, ते आठवतं. पण सगळ्यांत जास्त आठवते ती तिसरी खेप. त्या वेळी डोळे मिटले होते, हात चौकटीवर होता, आणि सांगाडा उलटा होत असताना मी मनात शांतपणे आकडे मोजत होतो. पाणी तेवढंच गार होतं, अंधार तेवढाच होता. भीती गेली नव्हती, पण तिच्या शेजारी आता एक काम येऊन बसलं होतं. या प्रशिक्षणाचं सारं मर्म मला तरी त्यातच दिसतं. ते माणसाला शूर करत नाही. घाबरलेल्या माणसाच्या हाताला ते काम देतं.

आणि वैमानिकाच्या बाबतीत याला आणखी एक अर्थ आहे. मोठ्या विमानात कर्मचारी असतात, दारं दाखवणारे दिवे असतात. छोट्या विमानात वैमानिक हाच एकटा जाणकार. तो बाहेर पडला तर बाहेरून दार उघडू शकतो, एखाद्याला ओढून काढू शकतो. तो आतच अडकला तर प्रवाशांना सांगणारं कुणी उरत नाही. शिवाय जो स्वतः उलटा लटकला आहे, त्याची उड्डाणापूर्वीची सूचना वेगळी असते. ‘दारं इथं, जॅकेट सीटखाली’ असं घाईत म्हणून तो मोकळा होत नाही. तो म्हणतो, ‘डोळे मिटा आणि हातानं कडी शोधा. आता उघडून दाखवा.’ यात एक मिनिटसुद्धा जात नाही.

इतकं सगळं माहीत असताना नियम कधी झाला? कॅनडाच्या वाहतूक सुरक्षा मंडळानं पाण्यावरच्या विमानांच्या अपघातांतून माणसं कशी वाचतात, यावरचा स्वतंत्र अभ्यास १९९४ मध्येच प्रसिद्ध केला होता. सॅटर्नानंतर, २०११ मध्ये, मंडळानं दोन शिफारशी केल्या. प्रवाशांनी जॅकेट सीटखाली न ठेवता अंगावर घालावं, आणि विमानांना पटकन उघडणारी दारं-खिडक्या असाव्यात. वैमानिकांना पाण्याखालून सुटकेचं प्रशिक्षण द्यावं, हा आग्रहही जोर धरत गेला. अखेर मार्च २०१९ मध्ये तिथल्या सरकारनं नियम जाहीर केले. व्यावसायिक सी-प्लेनमध्ये जॅकेट अंगावर हवं आणि वैमानिकांना हे प्रशिक्षण हवं, तेही ठरावीक काळानं पुन्हा. प्रशिक्षणासाठी कंपन्यांना तीन वर्षांची मुदत मिळाली. अभ्यासापासून नियमापर्यंत पंचवीस वर्षं गेली. दारं-खिडक्यांच्या शिफारशीला मात्र त्या नियमांत जागा मिळाली नाही. काही कंपन्यांनी स्वतःहून ढकलताच निखळणाऱ्या खिडक्या बसवल्या, ही चांगली गोष्ट. पण बाकीच्यांचं काय, हा प्रश्न राहतोच.

आता आपल्या किनाऱ्याकडे येऊ. ९ डिसेंबर २०१७ रोजी मुंबईत गिरगाव चौपाटीवर सी-प्लेनचं प्रात्यक्षिक झालं आणि ते बघायला गर्दी लोटली. ३१ ऑक्टोबर २०२० रोजी गुजरातेत केवडिया ते साबरमती अशी सेवा सुरू झाली. पुढच्या वर्षी ती थांबली. अशा सेवांच्या घोषणा अधूनमधून होतात. कोकणच्या खाड्या, धरणांचे जलाशय पाहिले की कल्पना मोहात पाडते, यात शंका नाही. सेवा यावी, जरूर यावी. पण तिच्याबरोबर तलावातली ती प्लास्टिकच्या नळ्यांची खुर्चीही यावी. आपलं पाणी कॅनडाइतकं गार नाही, ही जमेची बाजू. पण पाणी कोमट असलं म्हणून दार आपोआप सापडत नाही. २८ जून २०२२ रोजी मुंबई हायमध्ये एका रिगजवळ हेलिकॉप्टर समुद्रात उतरलं. नऊ जणांपैकी पाच वाचले, चार गेले. अरबी समुद्रावरून रोज कामाला जाणारी आपली माणसं आहेत. त्यांच्या घरच्यांना हा विषय परमुलखातला वाटत नाही.

एक गोष्ट मुद्दाम स्पष्ट करतो, नाहीतर गोंधळ व्हायचा. आपल्याकडे मोटार कालव्यात, विहिरीत, धरणात पडल्याच्या बातम्या वरचेवर येतात. तिथं क्रम वेगळा आहे. मोटार सहसा लगेच बुडत नाही. अर्धं ते दोन मिनिटं तरंगते. त्या वेळात दार न उघडता खिडकीतून बाहेर पडायचं असतं. प्राध्यापक गीसब्रेक्ट यांनी मोटारी पाण्यात सोडून याचाही अभ्यास केला. त्यांचा क्रम असा: पट्टा सोडा, मुलांना मोकळं करा, खिडकी उघडा, बाहेर पडा, मुलं आधी. फोन करत बसू नका, पाणी भरण्याची वाट पाहू नका. विमान क्षणात उलटतं म्हणून तिथं थांबायचं. मोटार तरंगते म्हणून इथं घाई करायची. दोन्हीकडे तत्त्व एकच. बाहेरची वाट आधी ठरलेली हवी.

तेव्हा श्रोतेहो, कधी छोट्या विमानात किंवा हेलिकॉप्टरमध्ये बसायचा योग आला, तर एवढं करा. पट्टा लावलात की खिडकीबाहेर बघण्याआधी दार बघा. ते कुठल्या हाताला आहे, कडी वर उचलायची की खाली दाबायची, ते विचारा. वैमानिकाला विचारायला संकोच करू नका. चांगल्या वैमानिकाला असा प्रवासी आवडतो. मग डोळे मिटा आणि एकदा हात तिथवर नेऊन आणा. शेजारचा हसेल कदाचित. हसू द्या, आणि त्यालाही तसं करायला सांगा.